जास्वंदीला चिकटा आला म्हणून दुकानात पळू नका: कुंडीतल्या झाडांसाठी आंतरप्रवाही औषध कसं निवडायचं

तीन वर्षांखालची गोष्ट. आमच्या परभणीच्या घराच्या गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. त्यातल्या जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस लागल्यासारखं दिसायला लागलं, कळ्या उमलायच्या आधीच गळायल्या आणि खालच्या पानांना हात लावला की चिकट. मी गेलो एका कृषी सेवा केंद्रात, म्हणलं जास्वंदीला चिकटा आलाय, काहीतरी द्या. त्यानं एकदा पण विचारलं नाही की झाड कुंडीत आहे का रानात, कीड कोणती, किती झाडं. अर्ध्या लिटरची बाटली, वर एक टॉनिक, कच्चं बिल, झालं. संध्याकाळी फवारलं तर वास असा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि दोन दिवस गच्चीवर कुणी वाळवण घालायला आलं नाही. आठ दिवसांत पांढरा कापूस परत हजर. गायब झाले ते फक्त ढालकिडे, जे बिचारे तो कापूस खात होते.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो असं मला वाटलं. इमिडाक्लोप्रिड आणलं आणि गुलाबाची पानं फिकट पडली की फवार, परत पडली की परत फवार, असं तीनदा केलं. पानं तांबूस होऊन जाळी धरली. माझा चुलतभाऊ कापूसवाला, त्यानं एक पान उलटं करून बघितलं आणि हसायला लागला, "दादा, ही लाल कोळी हाय, ह्याला इमिडाचं काय बी होत नाही. आधी किडा बघ, मंग बाटली बघ." तर हा लेख म्हणजे भावाचं ते वाक्य आणि त्यानंतर मी केलेले उपद्व्याप. आता ओळखीतले बरेचजण विचारायलेत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या रसात शिरणारं औषध. पानावर किंवा मुळाशी दिलं की झाड ते पिऊन घेतं आणि रस शोषणारी कीड तोच रस पिऊन मरते. स्पर्शजन्य औषध जिथं पडलं तिथंच मारतं, हे आत फिरतं. पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, इमिडा, थायामेथोक्झाम असली औषधं पाण्याबरोबर मुळाकडून शेंड्याकडं चढतात, वरून खाली फारशी येत नाहीत. म्हणजे शेंड्यावर फवारलं तर बुडाच्या फांदीवरची किंवा मुळावरची कीड मजेत राहती.

१. आधी कोण रस पितंय ते बघा

सकाळी सात-आठच्या उजेडात पान उलटं करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघितलं तरी भागतं.

मावा: कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठावर दाटीवाटीनं बसलेले हिरवे नाहीतर काळे ठिपके, हलवलं तर जागचे फारसे हलत नाहीत. कण्हेरीवर आणि रुईवर पिवळाधमक असतो, तो बघून लोक घाबरतात, पण कण्हेर त्यानं सहसा मरत नाही.

तुडतुडे: पानाखाली हिरवट, हात लावला की तिरके पळतात. पानाची कड पिवळी पडून मग लालसर होते आणि पान वाटीसारखं वळतं. कापसाच्या घरात वाढलेल्याला हे सांगायची गरज नाही. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळं कपाशीवरचे बरेच पाहुणे जास्वंदीवर पण मुक्कामाला येतात, विशेषतः रानाला लागून घर असलं तर.

पांढरी माशी: झाड हलवलं की पिठाची फुंकर मारल्यासारखा थवा उठतो.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मेलीबग: पांढरा कापूस, बेचक्यात आणि देठाच्या सांध्यात. बाजूला मुंग्यांची रांग असती, कारण मेलीबगची गोड विष्ठा म्हणजेच आपला चिकटा त्यांना लागतो आणि त्याबदल्यात त्या मेलीबगला राखतात. इथं एक गफलत मी स्वतः केली. एका ढालकिड्याची अळी हुबेहूब मेलीबगसारखीच पांढरी झालरवाली असती, पण ती चुरूचुरू पळते आणि मेलीबग खाते. मेलीबग लई आळशी. पांढरं काही लगालगा पळायलं तर त्याला मारू नका.

खवले कीड: फांदीवर तपकिरी नाहीतर पांढरे खपलीसारखे डाग, नखानं खरवडले तर निघतात. सायकसच्या पानाखाली पांढऱ्या खपल्यांचा थर दिसला तर हीच.

फुलकिडे: कळीच्या आत असतात, गुलाबाच्या पाकळीच्या कडा करपल्यासारख्या होतात. फूल पांढऱ्या कागदावर आपटलं की बारीक काड्या पळताना दिसतात.

लाल कोळी: ह्याच कागदावर पान आपटा, ठिपके पडतील, पाच सेकंद थांबा, ठिपके चालायला लागले तर कोळी. बोटानं चिरडा, तांबूस रेघ उठती. हा कीटक नव्हेच, आठ पायांची कोळ्याची जात, आणि इमिडासारखी औषधं तिच्यावर चालत नाहीत, उलट वाढतेच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पान फिकट दिसलं की माझा पहिला संशय हिच्यावर असतो.

२. औषध खरंच लागतंय का

खरं सांगू, दहातल्या सात वेळा लागत नाही. दोन-चार शेंड्यावर मावा असला तर शेंडा खुडून टाका, नाहीतर पाण्याच्या पाईपचा जोरदार फवारा पानाखालून मारा, सलग तीन दिवस. मेलीबग थोडे असले तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे थेंब घालून नीट घुसळून, ऊन उतरल्यावर. शेजारच्या झाडावर ढालकिडे फिरत असले तर आठवडाभर थांबायचंच.

युरिया आणि टॉनिक बंद करा हे पण त्यातच आलं. जास्त नत्र म्हणजे जास्त कोवळी लुसलुशीत पालवी आणि मावा, तुडतुड्यांची पंगत. माझ्या त्या पहिल्या बाटलीसोबत आलेल्या टॉनिकनं नेमकं हेच केलं.

हे सगळं करून पंधरा दिवसांत फरक नाही, कीड वाढतच चालली, नवी पालवी वाकडी यायली, तर मग पुढं वाचा.

३. ह्या झाडांना आंतरप्रवाही औषध नाहीच

तुळस, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओवा, कुंडीतली मिरची-टोमॅटो, बेल, आणि ज्या गुलाबाचा गुलकंद करता नाहीतर ज्या जास्वंदीचं तेल काढता ती झाडं. औषध पानाच्या आत असतं, धुऊन निघत नाही. लोक म्हणतेत देवालाच तर वाहायचंय, पण निर्माल्य कुठं जातं? आमच्या गल्लीत ते गाईपुढं टाकतात. छाटलेल्या फांद्या शेळीवाला घेऊन जातो, त्याला मी फवारलेल्या झाडाच्या फांद्या देत नाही, सांगतो की औषध मारलंय.

फुलावर मधमाश्या येणारं झाड पण ह्याच यादीत धरा, झेंडू, सूर्यफूल, बहरातला मोगरा. औषध मुळातून परागापर्यंत पोचतं. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन ह्या तिघांचा उघड्यावरचा वापर मधमाश्यांपायीच बंद केला. द्यायचंच असलं तर कळ्या-फुलं काढून टाका किंवा बहर संपल्यावर द्या.

४. किडीप्रमाणे औषध

नाव बघताना ब्रँड सोडा, बाटलीवर बारीक अक्षरात जे रासायनिक नाव आणि टक्केवारी असती ते वाचा. ५० डब्ल्यूजी, १७.८ एसएल असं लिहिलेलं असतं, त्यातला आकडा म्हणजे टक्के आणि अक्षरं म्हणजे औषध दाणेदार, पावडर का पातळ ते. एकच औषध दहा नावांनी मिळतं. मी फसलो ते असंच, एक बाटली संपवून दुसऱ्या कंपनीची आणली आणि वाटलं औषध बदललं, आत इमिडाच.

मावा आणि तुडतुड्यांना सगळ्यात आधी फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजी, १० लिटरला ३ ग्रॅम. उलाला नावानं मिळतं ते हेच. हे कीड लगेच पाडत नाही, तिचं रस पिणं थांबवतं. दुसऱ्या दिवशी किडे जागेवरच दिसतेत म्हणून लोक परत फवारतेत, तसं करू नका, चार-पाच दिवस द्या, उपाशी मरतात. हे नसलं तर ॲसिटामिप्रिड २० एसपी, १० लिटरला १ ते २ ग्रॅम, मधमाश्यांसाठी इमिडापेक्षा बरंच सौम्य.

इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल मी तुडतुड्यांसाठी आता वापरत नाही. बीटी कपाशीचं बियाणं ह्याच औषधाचा रंगीत लेप लावून येतं, वरून फवारणी पण त्याचीच, इतकी वर्षं पिऊन पिऊन तुडतुडे निर्ढावलेत. कुंडीतल्या माव्यावर मात्र अजून चालतं. प्रमाण २ ते ३ लिटरला १ मिली, त्याच्यावर जाऊ नका.

पांढऱ्या माशीला डायनोटेफ्युरॉन २० एसजी, १० लिटरला ३ ग्रॅम, किंवा फ्लोनिकॅमिड. सोबत पिवळे चिकट सापळे लावाच, त्याशिवाय मोठ्या माश्या उडून शेजारच्या कुंडीवर जातात. सायपरमेथ्रीन किंवा त्याचं मिश्रण पांढऱ्या माशीवर मारू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुपटीनं येती, कारण मित्रकिडे आधी मरतात.

मेलीबगला फवारणीपेक्षा आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतणं, चांगली, त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, पाणी घसरून जातं. थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी १० लिटरला ३ ग्रॅम करून मुळाशी. हे पाण्यात इमिडापेक्षा जास्त विरघळतं, त्यामुळं झाड लवकर ओढून घेतं. अडेनियमच्या मुळावर पांढरं पीठ दिसलं तर तिथं पण आळवणीच. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर मेलीबग परत येणार हे गृहीत धरा.

खवले किडीत दोन प्रकार. मऊ खवल्याला चिकटा असतो, त्याला मेलीबगचंच औषध चालतं. सायकसवरची कडक खपलीवाली वेगळी, ती झाडाचा वाहता रस पीत नाही, पेशीतलं खाते, म्हणून इमिडा तिथं वाया जातं. त्यातल्या त्यात डायनोटेफ्युरॉन, पण मी आधी जास्त लागलेली पानं कापतो आणि बाकीची टूथब्रशनं घासतो, अर्धं काम तिथंच होतं.

फुलकिड्यांना कळीच्या आत पोचायचं असतं, आंतरप्रवाही औषध तिथं कमी पडतं. ग्रासलेल्या कळ्या खुडा, निळे सापळे लावा, मग स्पिनोसॅड ४५ एससी, जे आंतरप्रवाही नाही पण काम करतं. लाल कोळीला कोळीनाशकच लागतं, स्पायरोमेसिफेन २२.९ एससी वगैरे. गंधक स्वस्त आहे पण आपल्या ४० अंशाच्या उन्हात पानं भाजून निघतात, ते हिवाळ्यात.

डायमेथोएट ३० ईसी म्हणजे जुनं रोगार अजून लोक सुचवतात. आंतरप्रवाही आहे, स्वस्त आहे, पण वास डोक्यात जातो आणि शेवंतीच्या काही जातींची पानं करपतात. घराच्या गच्चीवर मला ते पटत नाही. मोनोक्रोटोफॉस तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

५. दुकानात काय बघायचं, काय मागायचं

जाताना कीड लागलेलं पान प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या, फोटो पण काढून ठेवा. परभणीत राहणाऱ्याला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे, तिथल्या कीटकशास्त्राच्या लोकांना पान दाखवलं तर दोन मिनिटात ओळखतात.

बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरासाठी लाल कधीच नाही, आणि एकाच कामाची दोन औषधं असली तर खालच्या रंगाचं घ्या. उत्पादन आणि मुदतीची तारीख, बॅच नंबर बघा, पक्कं बिल मागा. लेबलवर बहुतेक वेळा कापूस, भात, मिरची असलीच पिकं असतात, शोभेची झाडं क्वचित. म्हणून नवीन औषध आधी एका फांदीवर मारून तीन-चार दिवस बघायचं, पान भाजलं नाही तर मग पूर्ण झाडाला.

एक मोठा सापळा सांगतो. घरात वाळवीसाठी आणलेली इमिडाक्लोप्रिडची बाटली बऱ्याचजणांकडं पडून असती. ती ३०.५ टक्क्यांची असती, झाडांची १७.८ ची. नाव एक म्हणून त्याच प्रमाणात ओतू नका. ती बाटली झाडासाठी नाहीच.

लहानात लहान पॅक मागा. साठ कुंड्यांना वर्षाला दहा-पंधरा ग्रॅमच्या वर काही लागत नाही. शेजारचे दोघं-तिघं मिळून घेतलं तर अजून बरं.

६. सामान आणि मोजमाप

रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. मेडिकलमधून बिनसुईची सिरींज, एक १ मिलीची, एक १० मिलीची. एक-दोन लिटरचा हातपंप, त्यावर मार्करनं "विष" लिहून टाका. एक बादली आणि काठी जी परत घरात वापरायची नाही.

आता ०.३ ग्रॅम पावडर घरी कशी मोजायची, ह्यावर सगळे अडकतात. चमच्यानं अंदाज घेऊ नका, चिमटीनं तर नाहीच. सोनाराकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाईन मिळतो, त्यावर ३ ग्रॅम मोजा, १०० मिली पाण्यात नीट ढवळून एकसारखं मिसळा. ह्या पाण्याच्या १० मिलीत ०.३ ग्रॅम औषध आलं, ते १० मिली एक लिटर पाण्यात टाकलं की झालं तुमचं १० लिटरला ३ ग्रॅमचं प्रमाण. जितके लिटर लागणार तितकंच करा, दीड ग्रॅम ५० मिलीत केलं तरी हिशोब तोच. उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवायचं नाही आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मरेपर्यंत भरायचं नाही, घरात लेकरं असतात.

७. फवारायचं का आळवायचं

फवारणी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, वारा पडल्यावर. पानाच्या खालून मारा, कीड तिथंच असती. पावसाळ्यात आभाळ भरून आलं असलं तर तो दिवस सोडा.

आळवणीला आदल्या दिवशी कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या. माती फोडलेल्या ढेकळासारखी कोरडी असताना औषध ओतलं तर मुळं भाजतात, नाहीतर सगळं कडेनं खाली निघून जातं. आपल्याकडं मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर झाडं जगवताना ही चूक हमखास होते, तहानलेलं झाड औषध ओढत नाही. वरचा पालापाचोळा बाजूला करा, ८ ते १० इंची कुंडीला मी १५० ते २०० मिली हळूहळू ओततो आणि खालच्या ताटलीत आलेलं परत वर ओततो. पुढचे दोन दिवस पाणी बेतानं. शेणखत, कोकोपीट भरपूर असलेल्या मातीत इमिडा त्या खतालाच धरून बसतं, असर उशिरा दिसतो, पंधरा दिवस लागले तरी घाबरून डबल डोस नाही.

अंगावर आणि नाकातोंडात उडू देऊ नका, वारा तोंडावर येईल असं उभं राहून फवारू नका, मधेच तंबाखू मळू नका. २०१७ मध्ये यवतमाळकडं कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. आपण एक लिटरच मारतोय म्हणून अंगावर बनियन घालून गच्चीवर जाणारे मी बघितलेत. चक्कर, मळमळ, डोळ्यापुढं अंधारी आली तर काम सोडा, कपडे बदला, साबणानं धुवा आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या, डॉक्टर आधी तेच विचारतात.

८. नंतरचे पंधरा दिवस

तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी तीच पानं उलटी करून बघा, मी त्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवतो. मेलेले मेलीबग जागेवरच चिकटून राहतात, पांढरं दिसलं म्हणजे जिवंत असं नाही, टाचणीनं टोचा, रस निघाला तर जिवंत, सुकं पीठ पडलं तर मेलेलं. जुनी वाकडी पानं सरळ होत नाहीत, नव्या पालवीकडं बघायचं.

परत द्यायची वेळ आली तर गट बदला. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, डायनोटेफ्युरॉन हे सगळे एकाच भावकीतले, ह्यातलं एक झाल्यावर दुसरं देणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. मधे फ्लोनिकॅमिड नाहीतर निंबोळीचं काहीतरी आणा. एका झाडाला ह्या भावकीतलं औषध मी वर्षातून दोनदाच देतो.

रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी त्याच झाडांवर टाका, मोरीत नाही. मग बाटलीला भोक पाडा, नाहीतर भंगारवाल्याकडून ती कुणाच्या तरी घरी रॉकेल भरायला जाती. माझी ती पहिली अर्ध्या लिटरची अजून तशीच आहे, तीन चतुर्थांश भरलेली, गच्चीवरच्या लोखंडी पेटीत कुलूप लावून. कुठं टाकावी कळेना म्हणून गावाकडं नेऊन भावाला द्यायला गेलो तर तो म्हणला, "दादा, मी बी नाही वापरत ते आता."